माळवदी वाड्याची रचना व तींत पिढ्यान्‌पिढ्या झालेले फेरफार

लातूर व नांदेड या जिल्ह्यांत ज्यांच्याकडे चार-पांच पिढ्यांपासून जमीन चालत आली आहे, अशा बहुतेक कुटुंबांचें मूळ घर दगडमातीच्या जाड भिंतींचें व वर मातीचें माळवद असलेलें आहे किंवा होतें. कित्येकांनीं तें पाडून सिमेंटचें घर बांधलें, कित्येकांनीं अर्धें ठेवून अर्धें बदललें, आणि कित्येक आजही त्याच छपराखालीं निजतात. ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपानें या घरांविषयीं जो प्रश्न उभा केला, त्याचें उत्तर 'माळवद वाईट' एवढ्या दोन शब्दांत देण्याची रीत पडून गेली आहे. आमच्या मतें हें उत्तर अपुरें आहे. आणि अपुऱ्या उत्तरानें धोका जात नाहीं, तो दुसऱ्या वेषानें घरांत राहतो. जुन्या वाड्यांपैकीं पुष्कळसे ज्या स्वरूपांत आज उभे आहेत त्या स्वरूपांत ते मुळांत बांधलेले नव्हते. मूळ रचना कशी होती, तींत कोणत्या कारणानें कोणता बदल झाला, आणि त्या बदलानें छपराचें ओझें कोणाच्या खांद्यावरून कोणाच्या खांद्यावर गेलें, हें कळल्याशिवाय आपलें घर धोक्याचें आहे कीं नाहीं हें मालकास कळणें शक्य नाहीं.

प्रथम मूळ रचना पाहूं. आपल्या मुलखांत गांवाच्या दोन जमिनी मानतात, पिकाची ती काळी व वस्तीची ती पांढरी. काळी माती उन्हाळ्यांत फाटते व पावसाळ्यांत फुगते. तिच्यावर घर टिकत नाहीं. म्हणून वस्ती पांढरीवर, बहुधा कांहींशा उंचवट्यावर होई, व देशमुख-देशपांड्यांची गढी असली तर ती सर्वांत उंच जागीं. साध्या सधन कुणब्याचा वाडा म्हणजे या गढीचीच लहान प्रत होय. दिंडीच्या दरवाजानें आंत शिरलें कीं दोहों बाजूंस बसण्याउठण्याची ढाळज, पुढें उघडा चौक, चौकाच्या भोंवतीं ओसरी, ओसरीच्या मागें अंधारें माजघर व त्याला लागून स्वयंपाकघर; एका अंगाला गोठा. धान्य ठेवण्याची तजवीज घराच्या बांधणींतच केलेली असे. दोन भिंतींच्या मध्यें चिणून काढलेलें बळद, आणि जमिनींत खोदलेलें पेंव. खोल्यांना बाहेरच्या बाजूस खिडकी म्हणून नसेच. उजेड व धुराची वाट ही दोन्ही कामें छपरांत ठेवलेलें एक चौकोनी भोंक करी. त्यास आपण सवणें म्हणतों. पाऊस आला कीं त्यावर फरशी किंवा पत्रा सरकवावयाचा.

आतां छपर कशावर उभें होतें तें पाहावें, कारण सारा प्रश्न येथेंच आहे. जुन्या सुतारांची रीत अशी कीं, घडीव दगडाच्या उथळ्यावर लाकडी खांब, दोन खांबांवर तुळई, तुळयांवर जवळजवळ मांडलेले सर, सरांवर आडव्या बसविलेल्या चिपांचें किलचन, त्यावर लिंबाचा पाला, तुराट्या किंवा पळाट्या यांचा थर, आणि सर्वांवर माती. दोन तुळयांमधील जागेस खण म्हणत, व घराचें माप खोल्यांनीं नव्हे तर खणांनीं सांगत. 'पांच खणांचें घर' असें अजून जुनीं माणसें म्हणतात. ही भाषाच सांगते कीं घर म्हणजे लांकडाचा सांगाडा. भिंत ही त्या सांगाड्याभोंवतीं घातलेली गवसणी. भिंतीच्या बाजूचे खांबही भिंतींत अर्धे बुडविलेले किंवा तिला लागून उभे केलेले असत व तुळईचें टोंक त्या खांबावर येई. भिंतीचें काम निराळें होतें. उन्हाळ्यांत बेचाळीस-त्रेचाळीस अंशांची ऊन बाहेर थोपविणें, चोरास भोंक पाडण्यास रात्र न पुरेल अशी जाडी ठेवणें, बळद पोटांत घेणें. दगड शेतांतूनच निघत होता, त्याला किंमत नव्हती. म्हणून भिंत अडीच फुटांपासून चार-पांच फुटांपर्यंत जाड करण्यास कोणी कचरत नसे.

हें छपर सपाट कां, याचें कारण आमच्या वाचकांस सांगावयास नको. कोंकणासारखा पाऊस येथें पडत नाहीं. लातुराकडे साधारणतः आठशें मिलिमीटर, नांदेडाकडे त्याहून थोडा अधिक. इतक्या पावसाला पांढऱ्या मातीचा चांगला चोपलेला थर व पन्हळींकडे दिलेला किंचित् उतार पुरतो. बदल्यांत मिरच्या, डाळी, पापड वाळविण्यास अंगण मिळतें, आणि चैत्र-वैशाखांत निजण्यास गच्ची मिळते. मातीचा थर उष्णता आंत येऊं देत नाहीं. दुपारीं दोन वाजतां माळवदाच्या घरांतून पत्र्याच्या घरांत जाऊन बसावें, म्हणजे पूर्वजांच्या शहाणपणाविषयीं वादाला जागा राहत नाहीं.

अशा रचनेचें घर एकदां बांधून तसेंच राहिलें असतें तर या लेखाचें कारण नव्हतें. परंतु घर हें शेताप्रमाणेंच दर पिढीला थोडें थोडें बदलत असतें. ही कांहीं आपलीच गोष्ट नव्हे. इंग्लंडांतील जुन्या शेतकऱ्यांचीं घरेंही अशींच मुळांत लांकडी सांगाड्याचीं होतीं. मध्यें एकच उंच दालन, दालनाच्या मधोमध चूल, धूर वर छपरांतून निघून जाई. पुढें सोळाव्या-सतराव्या शतकांत त्यांनीं विटांचें धुराडें घातलें, उंच दालनांत मधला मजला टाकला, आणि आणखी कांहीं काळानें लांकडी भिंतीवर बाहेरून विटांचें आवरण चढविलें. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इतिहासकारानें १९५३ सालीं एक निबंध लिहून असें दाखविलें कीं, १५७० पासून १६४० पर्यंतच्या काळांत इंग्लंडच्या ग्रामीण भागांत घरांची मोठी पुनर्बांधणी झाली. तेथील जाणता मनुष्य बाहेरील विटांचा दर्शनी भाग पाहून घराचें वय ठरवीत नाहीं. तो शिडी लावून माळ्यावर चढतो व वरचे वासे धुरानें काळे झाले आहेत काय तें पाहतो. काळे असतील तर घर धुराड्याच्या आधींचें. आपल्याकडेही सवण्याभोंवतींच्या सरांवर काजळीचें लुकण बसलेलें असतें, व एखाद्या खोलींत आज चूल नसतांना वरचें लांकूड काळेंभोर असलें तर तेथें पूर्वीं स्वयंपाकघर होतें असें समजावें. घर वाचण्याची विद्या सगळीकडे एकच आहे. भिंतीच्या दर्शनी सोंगावर विश्वास न ठेवतां लांकूड काय सांगतें तें ऐकावें लागतें.

आपल्याकडील फेरफारांचा क्रम साधारणतः असा दिसतो. निजामी राज्यांत पहिले सालारजंग यांनीं १८६० नंतरच्या दशकांत महसुलाची व्यवस्था बदलून जिल्हेबंदी केली व वंशपरंपरेनें वसूल करणाऱ्या देशमुख-देशपांड्यांकडून तें काम काढून त्यांना रुसूम बांधून दिला. वसुलाचें काम गेलें, तरी जमीन व मान राहिला. आणि गढींतला लवाजमा उतरला तसा कित्येक वतनदारांनीं गढी सोडून गांवांत वाडा केला. या काळांतील वाड्यांचे दर्शनी भाग घडीव दगडाचे झाले. पण चिरेबंदी तोंड पुष्कळ ठिकाणीं जुन्या दगडमातीच्या भिंतीला पुढून नुसतें चिकटविलेलें आहे; दोहोंना सांधणारा एकही लांब दगड आंत गेलेला नाहीं. बाहेरून पाहणारास भिंत एक दिसते, वस्तुतः त्या दोन आहेत व मधें भर आहे. इंग्रजांचें विटांचें आवरण आणि हें चिरेबंदी तोंड यांत मासल्याचा फरक नाहीं, फक्त आपल्या तोंडाचें वजन फार.

पुढें आगगाडी आली. विसाव्या शतकाच्या आरंभास नांदेड हैदराबाद-मनमाड मार्गावर आलें, आणि बार्शी लाइट रेल्वे १९११ सालीं लातुरास पोंचली. तिच्याबरोबर कापसाचा पैसा आला, पत्रा आला, लोखंडी तुळ्या आल्या, शहाबादी फरशीचा प्रसार वाढला. पैसा आला कीं घर वाढतें. ओसरीवर माडी चढली, माडीचें नवें वजन खालच्या जुन्या खांबांवर पडलें, व जेथें खांब आडवा येत होता तेथें तो काढून तुळईचें टोंक सरळ भिंतींत खुपसण्यांत आलें. त्याच सुमारास चांगलें सागवान दुर्मिळ व महाग होत चाललें. किनवटाकडील जंगल नांदेडकरांना जवळ होतें. औसा-निलंगेकरांना तेंही नाहीं. म्हणून नव्यानें जोडलेल्या खणांत भिंतीकडचे खांब मुळीं घातलेच नाहींत. दोन टोंकें भिंतीवर व मधें एखादा खांब, तोही बाभळीचा किंवा लिंबाचा. गवंडी व सुतार यांच्या हिशेबांत एवढी जाड भिंत असतांना तिच्याकडे लाकूड कशाला, हा विचार वावगा नव्हता. उभें वजन झेलण्यास ती भिंत खरोखरीच समर्थ होती.

१९४८ च्या सप्टेंबरांत निजामी राज्य संपलें, १९४९ सालीं जहागिरी गेल्या, १९५० सालीं हैदराबादचा कूळकायदा झाला. मोठ्या घराण्यांची जमीन वांटली तशीं घरेंही वांटलीं गेलीं. चौकाच्या मधून भिंत आली, एकाच्या वांट्यास ढाळज तर दुसऱ्याच्या वांट्यास माजघर. येथें एक बारीक गोष्ट घडली, ती वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. खणाच्या मधोमध वांटणीची भिंत घातली कीं तुळई दोघांची राहते. पण डागडुजी एकाचीच होते. एका भावानें आपल्या बाजूची माती दरसाल घातली, दुसऱ्यानें पत्रा टाकला; एकीकडून भार, दुसरीकडून कांहीं नाहीं. सांगाडा एकसंध असण्याचा जो गुण, तो वांटणीपत्रानें गेला.

याच काळांत उजेडाची आवड वाढली, व ती योग्यच होती. इंग्लंडांत १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता, म्हणून तेथें असलेल्या खिडक्या बुजविल्या गेल्या. आपल्याकडे असा कर नसतां भिंतींना खिडक्या नव्हत्या, आणि पुढें त्या पाडल्या गेल्या. परंतु मातींत बसविलेल्या दगडांच्या भिंतींत पहारीनें भोंक पाडून चौकट बसविली म्हणजे भोंकाच्या दोहों अंगांचे दगड सुटे होतात. कोपऱ्याजवळ अशी खिडकी पाडलेली आम्हीं अनेक वाड्यांत पाहिली आहे. कोपरा हाच भिंतीचा खरा सांधा, आणि तोच पोखरलेला.

सर्वांत मोठा फेरफार मात्र कोणीही फेरफार म्हणून केला नाहीं. रोहिणी नक्षत्रांत माळवदावर नवी पांढरी माती टाकण्याची चाल आहे. जुना थर तडकलेला असतो, घुशी-उंदरांनीं पोखरलेला असतो. गळती बंद करण्याचा सोपा उपाय म्हणजे वर चार पाट्या माती. जुनी खरवडून काढावी व मग नवी घालावी हा नियम जाणत्यांचा. पण खरवडण्यास मजूर लागतो, आणि घालणें घरच्या घरीं होतें. दरसाल अर्धा इंच जरी अधिक राहिला तरी चोवीस वर्षांत फूट होतो. एक ते अडीच फुटांचे थर आपल्याकडे नवलाचे नाहींत. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवर एक फूट माती म्हणजे शंभर घनफूट. घनफुटाला पंचेचाळीस किलो धरल्यास पंचेचाळीस क्विंटल. दोन फूट असल्यास नव्वद. डोक्यावर नव्वद क्विंटल तूर रचून तिच्याखालीं मुलेंबाळें घेऊन निजण्यास कोणीही तयार होणार नाहीं. माती मात्र थोडी थोडी आली म्हणून तिचें वजन कोणी केलें नाहीं.

याप्रमाणें दीडशें वर्षांत काय झालें तें एका वाक्यांत सांगतां येईल. लाकडावर उभें असलेलें हलकें छपर जड होत गेलें, आणि जड होतां होतां तें लाकडावरून उतरून भिंतीवर जाऊन बसलें. यांतील प्रत्येक पायरीस कारण होतें व एकंदरीनें कोणीही मूर्खपणा केला नाहीं. भिंत उभा भार झेलते. पण जमीन आडवी हलेल ही कल्पना या मुलखांत कोणालाच नव्हती. १९९३ पूर्वींच्या भूकंप-नकाशांत किल्लारीचा भाग सर्वांत निर्धोक गणलेल्या विभागांत दाखविला होता. १९९२ सालच्या उत्तरार्धांत त्या भागांत लहान धक्के बसले, लोक घाबरले, परंतु कांहीं दिवसांनीं पुनः घरांत निजूं लागले. पुढें २००२ सालच्या नकाशांत लातुराचा भाग तिसऱ्या विभागांत घालण्यांत आला. तें सर्व झाल्यानंतरचें.

गणपतिविसर्जन आटोपून लोक निजले होते. चार वाजण्यास कांहीं मिनिटें असतां भूकंप झाला. त्याची तीव्रता सहाच्या किंचित् वर होती, म्हणजे जगाच्या हिशेबानें तो मोठ्या भूकंपांपैकीं नव्हे. तरी औसा, उमरगा व लोहारा या बाजूचीं गांवेंच्या गांवें जमीनदोस्त झालीं आणि आठ ते दहा हजार माणसें मेलीं. याचें कारण पाहणी करणाऱ्या स्थापत्यशास्त्रज्ञांनीं स्पष्ट नोंदविलें आहे, तें आम्ही आपल्या भाषेंत सांगतों. आपल्या जाड भिंतीला दोन तोंडें असतात, आंतलें व बाहेरलें. दोन्ही तोंडांस मोठे दगड, मधें लहान दगड व माती यांची भर. एका तोंडापासून दुसऱ्यापर्यंत पोंचणारे लांब दगड बहुतेक नसतातच. भिंत आडवी हलली कीं मधली भर खालीं सरकते व पाचरीसारखी दोन्ही तोंडांस बाहेर ढकलते. भिंतीस पोट येतें, मग एक तोंड आंत व एक बाहेर कोसळतें. म्हणजे भिंत जितकी जाड तितकी बळकट हा समज येथें उलटा ठरतो. जाडीबरोबर पोटांतली भर वाढते व कोसळणारा दगड वाढतो. आणि अशा भिंतीवर तुळईचें टोंक ठेवलेलें असेल तर तिच्यामागून दोन फूट मातीही खालीं येते. पुष्कळ माणसें दगडाखालीं जितकीं चिरडून मेलीं तितकींच मातींत गुदमरून मेलीं असावींत.

उलटपक्षीं, ज्या घरांत छपर खांबांवर स्वतंत्र उभें होतें तेथें भिंती ढासळूनही लाकडी सांगाडा कित्येक ठिकाणीं उभा राहिला. आणि गांवाच्या कडेला ज्यांचीं कुडाचीं, पाल्याचीं झोपडीं होतीं त्यांतील लोक बहुतेक वाचले. जमीनदाराचा वाडा पडला आणि सालगड्याची झोपडी राहिली, हें त्या पहांटेचें दृश्य आमच्यासारख्या शेतकरी वाचकांनीं नीट पाहण्यासारखें आहे.

भूकंपानंतर सरकारनें जागतिक बँकेच्या कर्जानें पुनर्वसनाचें मोठें काम हातीं घेतलें. पार उद्ध्वस्त झालेलीं बावन्न गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं, आणि इतर शेंकडों गांवांतून मूळ जागींच घरें दुरुस्त करण्यास व बळकट करण्यास साहाय्य मिळालें. परंतु लोकांच्या मनांत दगडाची धास्ती बसली ती बसलीच. हातचे वाडे पाडले गेले. कोरीव खांब, तुळया व गणेशपट्ट्या व्यापाऱ्यांनीं कवडीमोलानें नेल्या, व त्या आज शहरांतील उपाहारगृहांच्या शोभेस उभ्या आहेत. त्यांत विनोद असा कीं, घरांतला जो एक भाग विश्वासाचा होता तोच प्रथम विकला गेला, आणि ज्या भिंतीनें घात केला ती पुष्कळ ठिकाणीं तशीच ठेवून तिच्यावर सिमेंटची स्लॅब टाकण्यांत आली. आमच्या मतें सध्यां आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील खेड्यांत याहून धोक्याची बांधणी दुसरी नाहीं. स्लॅबीनें माती गेली खरी, पण मातींत बसविलेले दगड एकमेकांस धरूं लागले असें होत नाहीं. भिंत तीच, तिचीं दोन सुटीं तोंडें तींच, खालचा खांब मात्र नाहींसा.

नांदेडकर वाचकांनीं हें लातुराकडचें प्रकरण म्हणून सोडूं नये. नांदेड शहराखालीं २००६ पासून कांहीं वर्षें लहान धक्क्यांची मालिका चालली होती. २१ मार्च २०२४ रोजीं व पुनः १० जुलै २०२४ रोजीं शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांत केंद्र असलेले साडेचार तीव्रतेचे धक्के नांदेडपर्यंत जाणवले. त्यांनीं हानि थोडी केली. पण जमीन स्थिर नाहीं एवढी वर्दी देऊन गेले.

आतां आपलें घर कसें पाहावें. प्रथम प्रत्येक तुळईच्या दोन्ही टोंकांखालीं उभें लाकूड आहे काय तें पाहावें. भिंतींत बुडालेला खांब गिलाव्याखालीं झांकलेला असतो. हातोडीनें ठोकून आवाज घ्यावा व संशय असल्यास गिलावा खरवडावा. खांब सांपडला तर त्याचा तळ पाहावा, कारण भिंतींत बुडालेल्या लाकडास वारा लागत नाहीं व वाळवी तेथूनच चढते. हल्लीं माजघरालगत नळाची न्हाणी करण्याची रीत झाली आहे. तिची ओल ज्या भिंतींत मुरते त्या भिंतींतील खांब दहा वर्षांत कुजतो. दुसरें, सवण्याच्या कडेला मातीचा थर उघडा दिसतो तेथें काठी लावून तो मोजावा. तिसरें, भिंतीला ओळंबा लावावा. पोट आलें असेल तर तें डोळ्यांपूर्वीं दोरीस कळतें. चौथें, कोपरे पाहावे. दोन भिंतींचे दगड एकमेकींत गुंतलेले आहेत कीं नुसते टेकलेले, हें उभ्या भेगेवरून ओळखतां येतें. पिंपळाचें रोप भिंतींत असेल तर तें वरून कापून भागत नाहीं.

छपर खांबांवर असेल व लाकूड शाबूत असेल तर तें घर पाडण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. तेथें माती आठ इंचांवर आणावी, व तिच्या थरांत जाड प्लास्टिकचा कागद घालावा म्हणजे गळतीसाठीं दरसाल भर टाकावी लागत नाहीं. खांब व तुळई यांच्या सांध्यांत तिरप्या आधाराचें लाकूड किंवा लोखंडी पट्टी दोन्ही दिशांनीं मारावी. जुन्या सुतारांनीं उभा भार पाहिला, आडवा धक्का पाहिला नाहीं, म्हणून हा आधार मूळ रचनेंत नाहीं. भिंतीच्या दोन तोंडांस सांधण्यासाठीं, हळूहळू दगड काढून आरपार भोंक करावें, त्यांत आंकडे केलेली सळई घालून काँक्रीट भरावें. असे सांधे सुमारें चार फुटांच्या आडव्या व दोन फुटांच्या उभ्या अंतरानें असावे. नवी भिंत बांधतांना याच अंतरानें लांब दगड घालावे व जाडी दीड फुटाहून अधिक करूं नये. दारांच्या वरून भिंतीभोंवतीं जाळी व सिमेंटचा पट्टा घेतल्यास कोपरे धरले जातात. या कामीं जाणत्या अभियंत्याचा सल्ला घ्यावा. एका घराच्या दुरुस्तीची मापें दुसऱ्या घरास लावूं नयेत.

छपर भिंतीवर असेल तर प्रश्न अधिक कठीण. तेथें भिंतीच्या आंतल्या बाजूस तुळईच्या टोंकाखालीं नवे खांब उभे करणें हा एक मार्ग आहे. खर्च येतो, पण नव्या घराइतका नाहीं. तो परवडत नसेल तर निदान मातीचा भार तत्काळ कमी करावा, आणि रात्रीं निजण्याची जागा ओसरीवर, चौकाच्या तोंडाशीं ठेवावी. भिंतीस पोट आलेलें असून खांब नसतील, तर त्या खोलींत धान्यही ठेवूं नये.

माती उतरविण्याचें काम रब्बीची मळणी संपल्यापासून रोहिणी लागेपर्यंतच्या दिवसांत करावें. आधीं प्रत्येक तुळईस मधें टेकू द्यावा, मग छपराच्या दोन्ही अंगांनीं सारखी माती काढीत यावें. एकाच बाजूची उतरविल्यास सांगाडा कलतो. काढलेली माती चौकांत किंवा भिंतीलगत रचूं नये, ओल धरते. ती गाडींत भरून सरळ शेतांत न्यावी. गांवठाणची जुनी पांढरी माती खतासाठीं शेतांत टाकण्याची आपली पूर्वापार रीत आहे, आणि शेंकडों पावसाळे, धूर व पाला खाल्लेली माळवदाची माती त्याच जातीची. मात्र तिच्यांत खार असतो; पाणी न निचरणाऱ्या चोपण जमिनींत ती टाकूं नये, मुरमाड व हलक्या रानांत पातळ पसरून पहिल्या पावसाआधीं वखरानें मिसळावी.